पिवळी टिकली

विभाच्या टाचेवरची टिकली पिवळी झाल्याचं घरातल्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ते लक्षात आलं शेजारच्या सुलोचनाकाकूंच्या. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू घेऊन आलेल्या काकूंनी दुपटं जरा बाजूला सारलं, टाच बघितली आणि डबा खाली ठेवायच्या आतच विभाच्या आजीला म्हणाल्या, "अगं राजमती, हिची पिवळी दिसतीय की. आमच्या नातवाची कशी हिरवीगार आहे."

काकू गेल्या. लाडवांना कुणी हात लावला नाही.

जयसिंगपुरात तोवर टिकलीची सगळ्यांना सवय झाली होती. मूल जन्मलं की नर्स त्याच्या टाचेवर नखाएवढी एक चकती चिकटवायची. चकतीच्या पोटात केसाहून बारीक सुया असत. बाळाला न दुखवता त्या कातडीखालचा ओलावा टिपत आणि त्यात कोणतं द्रव्य किती आहे ते मोजत राहत. पूर्वी याच कामासाठी टाचेतून रक्ताचा थेंब काढून कागदावर वाळवावा लागे आणि मोठ्या शहरातल्या कपाटाएवढ्या यंत्राकडे पाठवावा लागे. ते कपाट आता चकतीत मावलं होतं. हिरवी टिकली म्हणजे सगळं ठीक, पिवळी म्हणजे डॉक्टरांना दाखवा, लाल म्हणजे आहात तसे निघा. साधा ताप येतो, मूल एक-दोन वेळा दूध पीत नाही, आणि सकाळी ते उठतच नाही. मग आईकडे जन्मभर बोट दाखवलं जातं. अशी मरणं टिकलीमुळे जवळपास थांबली होती. पण माणसाच्या हातात रंग दिला की तो आधी शेजाऱ्याचा बघतो. वधूवर मेळाव्यात हल्ली शिक्षण आणि शेती यांच्याही आधी 'घरात कुणाची पिवळी होती का' हे विचारलं जाऊ लागलं होतं.

विभाचे आजोबा भूपाल बिरनाळे हे गावातल्या हायस्कूलचे निवृत्त विज्ञानशिक्षक. आनुवंशिकता शिकवताना मेंडेलचे वाटाणे ते इतक्या तन्मयतेनं फळ्यावर काढत की पोरांनी त्यांचं नावच 'वाटाणे सर' ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. मुलगा अभिनंदन चाकणच्या कारखान्यात यंत्रमानव दुरुस्त करायचा आणि शनिवार-रविवारी घरी यायचा. म्हणून बाळाच्या नोंदणीत कुटुंबप्रमुख म्हणून नाव सरांचं होतं, फोन नंबरही सरांचाच. सांगलीच्या दवाखान्यात सून सुप्रभा आणि विभाला घेऊन तेच गेले.

डॉक्टर आरगेबाई समजावून सांगण्यात हुशार होत्या. समोर शिक्षक बसलेत हे कळल्यावर त्यांनी साखर कारखान्याचाच दाखला दिला. शरीर आधी जेवणातली साखर जाळतं. ती संपली, पोट रिकामं राहिलं, की साठवलेली चरबी जाळायला काढतं. पण चरबीतली लांब आम्लं पेशीच्या भट्टीत आपल्या पायांनी जात नाहीत. यार्डात उसाचा ढीग पडला आणि गव्हाणीपर्यंत न्यायला ट्रॉल्याच नसल्या, तर बॉयलर थंड पडणारच. शरीरातल्या या ट्रॉलीचं नाव कार्निटीन. काही माणसांत ती कमी असते. एरवी त्यांचं काही बिघडत नाही. उपाशी राहिली, तापानं पडली, की मात्र मेंदूला साखर मिळत नाही आणि चरबी जळत नाही. दोन्ही रस्ते बंद. हृदय तर बहुतेक चरबीवरच चालतं.

"बाळाच्या ट्रॉल्या कमी आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "टिकली इतकंच सांगते. का कमी आहेत ते सांगत नाही."

बाळाच्या जनुकांची तपासणी त्यांनी पाठवली. तिला वेळ लागणार होता. नेमका दोष कळेपर्यंत अंगावरचं दूध बंद करून डब्यातलं खास दूध द्यायला सांगितलं. अभिनंदनची जनुकनोंद कंपनीनं नोकरीवर घेतानाच करून ठेवली होती. डॉक्टरांनी ती पडद्यावर बघितली आणि या गटातला एकही दोष त्याच्यात नाही असं सांगितलं. सुप्रभाची नोंद कुठंच नव्हती. घरी राहणाऱ्या बायकांची नोंद करायची गरज अजून कुणाला वाटली नव्हती.

परतीच्या बसमध्ये सुप्रभा बाळाला छातीशी धरून खिडकीबाहेर बघत होती. सर मनातल्या मनात फळ्यावर वाटाणे काढत होते.

हे आजार दिसायला दोन सदोष प्रती लागतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. एकच प्रत असली तर दोष झाकला जातो. हे त्यांनी हजारो पोरांना घोकून घेतलं होतं. बाळात दोष दिसतोय, म्हणजे प्रती दोन. अभिनंदनकडे तर एकही नाही. मग दुसरी आली कुठून?

बस उदगावच्या पुलावर आली तेव्हा गणित सुटलं होतं, आणि ते सुटायला नको होतं असं सरांना वाटलं. आपण चुकत असू असं त्यांनी स्वतःला बजावलं. पुन्हा पहिल्यापासून मांडलं. उत्तर तेच आलं.

त्या दिवसापासून ते सुनेकडे बघू लागले. आजवर त्यांनी तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. सोज्वळ, कमी बोलणारी, जरा लवकर दमणारी मुलगी, एवढंच त्यांना ठाऊक होतं. आता तिची प्रत्येक हालचाल अर्थ घेऊन येऊ लागली. ती दुपारी गच्चीवर जाऊन फोनवर कुणाशी बोलते. जिन्यात पाऊल वाजलं की आवाज खाली आणते. गेल्या वर्षी अभिनंदन प्रशिक्षणासाठी परदेशी होता, तेव्हा ती संगणकाच्या वर्गाला कोल्हापूरला जायची. तिथं कोण कोण असायचं? सरांनी बोटांवर महिने मोजले. महिने धड जुळेनात आणि धड तुटेनात, त्यामुळे संशयाला राहायला पुरेशी जागा मिळाली.

एकदा वाळत घातलेलं दुपटं काढायच्या निमित्तानं ते जिना चढले, आणि शेवटच्या पायरीवर त्यांना ऐकू आलं, "नाही, इथं कुणाला सांगितलेलं नाही. त्यांनासुद्धा नाही."

दुपटं न घेताच ते खाली आले.

बायकोला सरळ विचारायचा त्यांना धीर नव्हता. त्यांनी आडून विषय काढला. विभाचे कान कुणावर गेलेत, असं विचारलं.

"तुमच्यावर," राजमती म्हणाली. "म्हणून तर टोपडं घालतीय."

अभिनंदन शनिवारी आला, लेकीला घेऊन घरभर फिरला, तिच्या टाचेची पापी घेऊन "ही आमची पिवळी धमक" म्हणाला. सरांनी दोनदा घसा साफ केला आणि दोन्ही वेळा पाऊसपाण्याचं विचारलं. मुलाचं तोंड बघून त्यांना सुनेचा अधिकच राग आला.

भाद्रपदात जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व सुरू झालं. गावातली बस्ती, म्हणजे जैन मंदिर, माणसांनी भरून गेली. कुणी एकभुक्त राहणार होतं, कुणी एक दिवसाआड उपवास धरणार होतं. तिघीचौघींनी नुसत्या उकळलेल्या पाण्यावर दहाच्या दहा उपवास करायचं ठरवलं होतं. त्यांच्यात ऐन वेळी सुप्रभानं नाव घातलं. राजमती चकितच झाली. लग्नाला चार वर्षं झाली तरी या मुलीनं साधा एक उपवास धड पार पाडला नव्हता. दुपार झाली की डोकं धरून आडवी व्हायची आणि बायका तोंडावर हसायच्या. ओल्या अंगाच्या बाईनं असलं काही करू नये, मुनिमहाराजसुद्धा आपल्या शक्तीप्रमाणेच तप करा म्हणतात, असं राजमतीनं परोपरीनं सांगून पाहिलं.

"आत्ती," सुप्रभा सासूला म्हणाली, "माझं दूध तर बाळाला चालत नाही. मग आता मी कुणासाठी जेवायचं?"

राजमतीच्या डोळ्यांत पाणी आलं. सर पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही, पण मनात म्हणाले, प्रायश्चित्त. आपल्या तोंडानं सांगता येत नाही, म्हणून बाई उपाशी राहून सांगतीय. त्यांना तिची थोडी कीवही आली, आणि या विचारानं एक प्रकारचं समाधान वाटलं. त्या समाधानाची त्यांना पुढं फार लाज वाटायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस्तीच्या पायऱ्यांवर असताना डॉक्टर आरगेबाईंचा फोन आला. टिकलीचे आकडे त्यांच्याकडे आपोआप जात होते. त्या म्हणाल्या की बाळाचं कार्निटीन झपाट्यानं वाढतंय, टिकली आज-उद्या हिरवी होईल. डब्याच्या दुधात ते मिसळलेलंच असतं. पण दोष बाळाचा असता तर इतकं सरळ भरून आलं नसतं; आलेलं वाहून गेलं असतं. पोटात असताना बाळाला जे मिळतं ते आईकडून, नंतर दुधातूनही आईकडून. आईच्याच यार्डात ट्रॉल्या नसतील तर बाळाकडे कुठून येणार?

"मला आता बाळापेक्षा आईची काळजी वाटतीय," त्या म्हणाल्या. "उद्याच घेऊन या तिला. आणि सर, तुमचं पर्व चालू आहे म्हणून मुद्दाम सांगते. तोवर तिला उपाशी ठेवू नका. तिला एवढा निरोप द्या."

सरांनी हो म्हटलं.

घरी येईपर्यंत त्या 'हो'ला फाटे फुटले. आईचा दोष म्हणे. चांगली धडधाकट मुलगी, बाळंतपण सुखरूप झालं, हिला कसला दोष? सरांच्या वाटाण्यांत असं कुठंच नव्हतं, की रोप निरोगी आणि पिवळेपणा मात्र झाडाकडून उसना आलेला. डॉक्टरही बाईच. अशी प्रकरणं रोज बघत असेल. घर मोडू नये म्हणून गोड काहीतरी शोधून काढलं असेल. कदाचित सुप्रभानंच फोन करून गळ घातली असेल. गच्चीवरून.

ते आत गेले. सुप्रभा भिंतीला टेकून बाळाची बाटली गार करत होती. चेहरा मेणासारखा झाला होता. तिनं विचारलं, "मामा, कुणाचा फोन होता का? बस्तीच्या पायऱ्यांवर तुम्ही फोनवर बोलत होता, असं काकू म्हणत होत्या."

"विभाचं बरं आहे म्हणाल्या डॉक्टर," सर म्हणाले.

ते खोटं नव्हतं. तिचा चेहरा इतका उजळला की त्यांना दुसरीकडे बघावं लागलं. तपामुळेच फळ मिळालं, असं तिनं सासूला सांगितलं, आणि राजमतीनंही तिला पुन्हा जेवायचा आग्रह केला नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन पुन्हा वाजला. सरांनी तो खिशात वाजू दिला.

चौथ्या दिवशी सुट्टी काढून अभिनंदन आला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत सुप्रभा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात कोसळली. आधी भोवळ वाटली. मग तिचं अंग गार लागलं, हाक मारली तर डोळे उघडून भलतंच बोलू लागली, आणि मनगट धरलं तर नाडी चुकत चुकत पळत होती. रुग्णवाहिकेतल्या यंत्रानं बोटाला सुई लावली आणि साखर इतकी कमी सांगितली की सोबतच्या नर्सनं ती दुसऱ्या बोटावर पुन्हा बघितली.

सांगलीत तिला शिरेतून साखर दिली, मग कार्निटीन. छातीवर तारा लावल्या. संध्याकाळपर्यंत पडद्यावरची वेडीवाकडी रेघ सरळ वळणावर आली. डॉक्टर आरगेबाई बाहेर आल्या तेव्हा बाकावर बाप-लेक शेजारी शेजारी बसले होते.

थोडा उशीर झाला असता तर हृदय थांबलंच असतं, असं त्यांनी सांगितलं. दोष सुप्रभाचाच होता आणि जन्मापासून होता. तिच्या मूत्रपिंडांना कार्निटीन परत ओढून घेता येत नव्हतं. ट्रॉल्या रिकाम्या होऊन परत यायच्या ऐवजी फाटकातून बाहेर वाहून जात होत्या. मांसाहारी माणसाला जेवणातून थोडी भर मिळते, तीही इथं नव्हती. आजवर ती तरली ती शरीर स्वतः थोडंफार बनवतं त्यावर, आणि वेळच्या वेळी जेवत होती म्हणून. बाळाच्या जनुकांचा निकालही त्यांनी त्या दुपारी मागे लागून मिळवला होता. विभात सदोष प्रत एकच होती, आईची.

"दुसरी चांगली आहे," त्या अभिनंदनला म्हणाल्या. "ती तुमची. त्या जोरावर बाळ सुखरूप राहील."

सरांना वाटलं आपल्या पायाखालची फरशी कुणीतरी हळूच काढून घेतली. जी स्वच्छ प्रत त्यांनी सुनेविरुद्ध पुरावा म्हणून धरली होती, तीच नातीची ढाल होती. गणितात कुठंच चूक नव्हती. फक्त बाळाचा म्हणून त्यांनी जो दोष मांडला तो बाळाचा नव्हताच.

मग डॉक्टरांनी सहज विचारलं, "सर, मी निरोप दिला होता. तिला मिळाला नाही का?"

अभिनंदननं मान वळवून वडिलांकडे बघितलं.

"सांगितलं होतं," सर म्हणाले. "व्रत मोडायला तयार होईना."

हे वाक्य त्यांनी ठरवून तयार केलं नव्हतं. ते तोंडातून आलं आणि मग परत घेता येईना.

शुद्धीवर आल्यावर सुप्रभानं रडत रडत सगळं सांगितलं. तिचे आईवडील नात्यानं भाची आणि मामा. लहानपणी दोनदा ती उपवासाच्या दिवशी अशीच बेशुद्ध पडली होती. लग्न ठरेना म्हणून आईनं ते दडपलं आणि सासरी कधी बोलायचं नाही असं बजावलं. विभाची टिकली पिवळी झाल्यापासून ती रोज गच्चीवरून आईला विनवत होती, आता तरी सांगू दे म्हणून. अभिनंदननं सगळं ऐकून घेतलं. तो घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस बोलतो तसं बोलला. "ते राहू दे. पण अण्णांनी स्पष्ट सांगितल्यावरसुद्धा तू जेवली नाहीस? पोरीचा तरी विचार करायचास."

सुप्रभानं डोळे उचलून दारात उभ्या असलेल्या सासऱ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कूस बदलली.

ती बोलली असती तर सरांना सोपं गेलं असतं. ती घरी आली, सकाळ-संध्याकाळ औषधाचा कडू घोट घेऊ लागली, विभाला पुन्हा अंगावर पाजू लागली. सासऱ्याला जेवायला वाढायची, पाणी द्यायची, मामा म्हणायची. पण त्यांच्या हातून आलेला निरोप ती आता दुसऱ्याला विचारून पक्का करायची. दूधवाला उद्या येणार नाही, असं सर म्हणाले, तर ती जाऊन राजमतीला विचारायची. अभिनंदनही तिच्याशी तुटक बोलायचा. जिवावर उदार होणारी बाई घरात कशी एकटी ठेवायची, असं तो आईला म्हणताना सरांनी ऐकलं. तिला माहेरी पाठवून विभाला इथं ठेवावं का, असाही विचार त्याच्या डोक्यात घोळत होता. सरांचा संशय गेला होता, पण तो घरातून गेला नव्हता. त्यानं नुसत्या खोल्या बदलल्या होत्या.

पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस उजाडला. त्या दिवशी लहानथोर सगळे एकमेकांपुढे हात जोडतात, वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा करा म्हणतात, आणि समोरचा 'उत्तम क्षमा' म्हणतो. सकाळपासून घरात माणसांची रीघ होती. सुलोचनाकाकू येऊन गेल्या, शाळेतले जुने सहकारी येऊन गेले. सरांनी इतक्यांपुढे हात जोडले की शब्द जिभेला सरावून गेले. अभिनंदन बाहेरच्या सोप्यात आल्यागेल्याला पाणी देत होता.

सुप्रभा मधल्या खोलीत विभाला मांडीवर घेऊन बसली होती. सर तिच्यासमोर उभे राहिले. वयानं मोठे असूनही त्यांनी आधी हात जोडले. या दिवशी तशी रीतच असते.

"कळत-नकळत माझ्याकडून काही चुकलं असेल," ते म्हणाले, "तर क्षमा कर."

सुप्रभानं हात जोडले नाहीत. विभाचं टोपडं नीट केलं आणि शांतपणे विचारलं, "कळत की नकळत, मामा?"

सोप्यात कुणीतरी हसलं. सरांचे हात जोडलेलेच होते. नकळत म्हटलं असतं तर ती पुढं काही बोलली नसती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अज्ञान खरंही होतं; त्या रोगाचं त्यांना काय ठाऊक होतं? पण बस्तीच्या पायऱ्यांवर फोन कानाला लावून ते उभे होते, आणि डॉक्टरांचा शब्द न् शब्द त्यांना कळला होता.

"कळत," ते म्हणाले. "विभा अभिनंदनची नाही, असं मी धरून चाललो होतो."

हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. तिचा हात बाळावर थबकला. चेहऱ्यावरून एक सावली गेली, मग दुसरी, आणि शेवटी तो नुसता थकलेला दिसला.

"मला वाटलं होतं तुम्ही विसरलात," ती म्हणाली. "म्हातारपण आहे, विसरलात आणि नंतर घाबरून खोटं बोललात. तेवढं मी पोटात घातलं होतं." विभाला मांडीवर नीट घेत ती म्हणाली, "माझ्याकडे क्षमा मागू नका, मामा. हे त्यांना सांगा. सगळं. मग आपण बघू."

सर सोप्यात आले. पाहुणे नुकतेच उठून गेले होते. अभिनंदन रिकामे पेले गोळा करत होता. मुलाला हे सांगितल्यावर तो आपल्याकडे पुन्हा कधी याच नजरेनं बघेल की नाही, हे त्यांना कुठल्याच गणितानं काढता येत नव्हतं. त्यांनी नावानं हाक मारली.

अभिनंदन वळला. वडिलांचे जोडलेले हात बघून त्याला वाटलं, आपलीच पाळी राहिली होती. त्यानं हसत पेले खाली ठेवले आणि त्यांच्या आधीच हात जोडले.

"उत्तम क्षमा, अण्णा."

"आधी ऐक," सर म्हणाले.